जुन्या गाडीचे नवे बॉनेट



फलकावर आमच्या नावापुढे हा विषय वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतला माणूस पगारवाढीवर बोलेल, बोनसवर बोलेल. हा गॅरेजात कोठे शिरला? पण वाळूजला हा विषय परका नव्हे. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना येथे सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ पत्रा कापणारे, दाबणारे, जोडणारे लहानमोठे कारखाने आले. गंगापूर-पैठणकडच्या शेतकऱ्यांची मुले पत्र्याच्या कामात मुरली. तेव्हा पत्र्याविषयी दोन शब्द येथे बोलावयाचे नाहीत तर कोठे?

जुन्या गाड्यांचा शौक अलीकडे वाढला आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० होऊ लागली, १९६४ साली तिची डिलाइट ही आवृत्ती आली, आणि पुढे तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघर माहीत झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. उत्तरपाड्याची अँबॅसडर २०१४ साली थांबली. गाड्या राहिल्या, त्या करणारे कारखाने राहिले नाहीत. पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करण्याची सोय २०२१ च्या नियमांनी झाली. मात्र गाडी मूळ रूपात असली पाहिजे अशी अट आहे. म्हणजे बॉनेट गंजले वा चेपले, तर त्याच घडणीचे दुसरे शोधणे आले. ते एक तर भंगारातल्या गाडीवरून मिळते, नाही तर कोणा लहान कारखानदाराने नव्याने दाबलेले मिळते.

आणि ते बसत नाही.

ते का बसत नाही, हे समजून घेतले पाहिजे. साच्यातून निघालेले सगळे पत्रे सारखे, ही समजूत साचा न पाहिलेल्या माणसाची. साचा झिजतो. शिवाय त्या काळी प्रत्येक गाडीचे बॉनेट फिटर तिच्या अंगावर लावून, सरकवून, जरूर तर वाकवून बसवीत असे. भंगारातून आणलेले बॉनेट दुसऱ्या गाडीच्या अंगाला सवयलेले असते. त्यात आपली गाडीही पन्नास वर्षे खड्ड्यांतून फिरून थोडी बसलेली असते.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी एक तक्रार आली. एका बॉडी शॉपमध्ये बारा वर्षे दारे आणि बॉनेटे बसवणारा एक कामगार हजेरीपटावर मात्र ‘मदतनीस’ होता, म्हणजे अकुशल. मालकांचे म्हणणे असे, की नट आवळण्यात कौशल्य कसले? वाटाघाटीत त्यांनी विचारले, हा नेमके काय करतो ते लिहून द्या. प्रश्न वाजवी होता. पण त्या गृहस्थांना ते सांगता येईना. म्हणत, ‘बघायचं आन् बसवायचं.’ शेवटी दोन संध्याकाळी आम्ही त्यांच्याशेजारी वही घेऊन बसलो. हात थांबला की विचारायचे, आता का थांबलात? चार पाने भरली. आता सांगतो ते त्या वहीतले आहे.

पहिले काम बॉनेटचे नव्हेच, ते दाराचे आहे. दाराचा खांब हलत नाही. म्हणून दार खांबाशी जुळवायचे, दाराशी मडगार्ड आणि मडगार्डाशी बॉनेट. दार लोंबते ठेवून बॉनेटच्या मागे लागणारा माणूस दिवसभर खपतो आणि संध्याकाळी होता तेथेच असतो. गाडीला कधी समोरून मार बसला असेल, तर इंजिनच्या खोलीचे दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे नसतील तर सांगाडाच गुण्यात नाही; तो सरळ करावा, बॉनेटला दोष देऊ नये.

मग जुने बॉनेट उतरवायचे. त्याआधी बिजागरीभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवायची, म्हणजे निदान पूर्वी ती कोठे होती हे कळते. माणसे दोन हवीत, आणि मागच्या कोपऱ्यांखाली जुन्या चादरीची घडी. तोच कोपरा निसटून अंगाला खोक पाडतो. नवे बॉनेट रंग देण्यापूर्वी चढवायचे. रंगवून आणलेले बॉनेट सरकवताना ओरखडे पडणारच, आणि मग ‘जाऊ द्या, आहे तसे राहू द्या’ हे शब्द तोंडात येतात.

अँबॅसडरसारख्या गाडीत बिजागऱ्या मागे आणि कुलूप पुढे असते. बिजागरीची भोके बहुधा बोल्टापेक्षा मोठी वा लांबट असतात. सारी करामत त्या मोकळ्या जागेत आहे. बोल्ट असे आवळायचे, की बॉनेट हाताने ढकलल्यास सरकेल, आपणहून सरकणार नाही. कुलपाची खुंटी काढून ठेवायची. झाकण सावकाश मिटायचे आणि प्रथम काचेकडची फट पाहायची, मग बाजूंच्या. डावीकडची फट पुढे रुंद आणि मागे अरुंद दिसली, तर बॉनेटचे तोंड उजवीकडे वळले आहे. तेव्हा बॉनेटची उजवी बाजू बिजागरीवर किंचित पुढे घ्यायची. फट डोळ्यांनी पाहावी, पण डोळ्यांवर विसंबू नये. एकाच जाडीच्या पट्ट्या किंवा ड्रिलचा दांडा फटीतून फिरवावा. अडला तेथे अरुंद, खुळखुळला तेथे रुंद.

लांबी-रुंदी जुळल्यावर उंची. मागची कड खाली असेल तर बिजागरी आणि बॉनेट यांच्यामध्ये पातळ पत्री घालायची. पुढची उंची रबरी टेकू फिरवून वरखाली करता येते. येथपर्यंत कुलपाचे नाव काढायचे नाही.

आणि नेमकी येथे घाई होते. बॉनेट एका बाजूला दोन सूत उचललेले असते, कारागीर खुंटी लावतो, आणि कुलूप ते खाली ओढून घेते. पाहणाऱ्याला फट सारखी दिसते. पण तो पत्रा रात्रंदिवस ताणलेला राहतो, कुलूप झिजते, आणि एखाद्या दिवशी नगर रस्त्यावर वेगात असताना बॉनेट उघडून काचेवर येते. वहीत आम्ही त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत: कुलपानं धरायचं, वढायचं न्हाई. वाटाघाटींच्या टेबलावर आम्ही अशी ओढून बसवलेली बॉनेटे पुष्कळ पाहिली आहेत, पण तो आजचा विषय नाही.

खुंटी बरोबर आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. झाकण मिटताना शेवटच्या बोटभर अंतरात नजर बाजूच्या फटीवर ठेवा. बॉनेट डावी-उजवीकडे हलले तर खुंटी चुकली आहे. दुसरा आकडाही तपासा. मुख्य कुलूप सुटले तर बॉनेटला धरणारा तेवढाच असतो.

मालकांनी ती चार पाने वाचली आणि त्या कामगाराला अकुशलातून अर्धकुशलात घेतले. त्यावर ते आम्हांला म्हणाले, ‘सायेब, बॉनेट अर्धं बसवून दावू का त्यास्नी?’ तक्रार आम्ही मिटलेली मानली नाही.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना एवढेच विचारतो: गॅरेजचे बिल कधी वाचले आहे काय? रंगाचे लिटर लिहिलेले असतात, पॉलिशचा डबा लिहिलेला असतो. बसवण्याचे काम बहुतेक उक्ते असते, आणि रंगकामातच धरलेले असते. ज्याला उक्त्यावर दोन तास मिळतात तो कुलपाने ओढणारच; त्याला दुसरा मार्ग आपण ठेवलेला नाही. काम देताना, बसवण्याची मजुरी वेगळी लावा आणि रंगापूर्वी गाडी एकदा दाखवा, असे म्हणून पाहा.

रंगानंतर फटी पुन्हा मोजाव्या लागतात, कारण अस्तर आणि रंग दोन्ही कडांवर चढतो आणि लांबी जास्त भरली असेल तर फट आणखी आवळते. रंग पुरता वाळल्याखेरीज झाकण जोराने मिटू नये. शे-दोनशे किलोमीटर गाडी फिरली, की बिजागरीचे बोल्ट एकवार पान्याने पाहावेत आणि त्यांच्या शेजारी नवी रेघ मारून ठेवावी.