अण्णा चितळकरांचा उत्तरकाल



संतवाङ्मय, शेतीचे अर्थकारण अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत आम्ही सिनेमाच्या गाणेवाल्याला आणून बसवले, याने काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. पडो बिचारी. लग्नसराई आहे, वरात निघाली की बँडवाल्याच्या कर्ण्यातून 'शोला जो भडके' बाहेर पडतेच, आणि आठी घालणारेही पायाने ताल धरतात. हे गाणे ज्याचे, तो माणूस आपल्या पुणतांब्याचा. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १९१८. चाल बांधताना सी. रामचंद्र, गाताना चितळकर, आणि ओळखीच्यांत अण्णा.

त्यांच्या भरभराटीची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. सॅक्सोफोन, ट्रंपेट, बोंगो ही वाद्ये त्यांनी हिंदी गाण्यात अशी रुळवली की ती परकी वाटेनात. यात गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा. त्यांतला ट्रंपेटवाला चिक चॉकलेट तर 'अलबेला'त (१९५१) आपल्या ताफ्यासह पडद्यावरच दिसतो. पुढे अमेरिकेत बिल हॅलेच्या रॉक अँड रोलने तरुणांना वेड लावले, तोच १९५७ साली 'आशा'मध्ये 'ईना मीना डीका' आले. त्यातल्या निरर्थक शब्दांत एका गोवेकर साहाय्यकाने कोकणीतले 'नको' घुसडून दिले, असे सांगतात. गंमत ही की, याच माणसाने १९५३ साली 'अनारकली'साठी भीमपलासात 'ये जिंदगी उसी की है' बांधले होते. कोणी त्यांना उसनवारी करणारा म्हणे, कोणी रागदारीचा जाणता म्हणे. दोघेही अर्धेच बोलत होते.

आमचा विषय मात्र यानंतरचा आहे. 'नवरंग' (१९५९) आणि 'स्त्री' (१९६१) हे शांतारामबापूंचे चित्रपट झाले, आणि मग हिंदीतले काम आटत गेले. शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांचा जमाना जोरात होता. लताबाईंशीही काही वर्षे दुरावा पडला होता. 'चितळकर संपले' असे म्हणणारे तेव्हा होते, आजही आहेत. आम्हांस हे मान्य नाही.

चीनच्या आक्रमणानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी, दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी 'ऐ मेरे वतन के लोगों' गायिले. शब्द कवी प्रदीपांचे, चाल अण्णांची. ज्याने आयुष्यभर वाद्यांचा धुमाकूळ घातला, त्याने येथे वाद्ये जवळजवळ गप्प बसवली आणि शब्दांना वाट दिली. संपलेल्या माणसाला हा संयम कोठून सुचणार? ज्याच्या हाती गजर असतो त्यालाच तो थांबवण्याची किंमत कळते.

त्यानंतर हा गृहस्थ मराठीकडे वळला, आणि नुसता चाली द्यायला नव्हे. 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) हे चित्रपट त्यांनी स्वतः काढले, त्यांत कामेही केली. चाळिशी उलटल्यावर असा जुगार खेळणे शहाण्याचे काम नव्हे, पण कलावंताचे असेल. 'घरकुल' पाहा. सुरेश भटांची 'मलमली तारुण्य माझे' ही हळुवार गझल त्यात आहे, आणि त्याच चित्रपटात इंग्रजी गाण्याच्या चालीवर बेतलेले, उड्या मारणारे 'नंबर फिफ्टी फोर'ही आहे. मध्ये 'पप्पा सांगा कुणाचे', जे ऐकून आमच्याकडची पोरे झोपी गेली. म्हणजे उतारवयात त्यांनी जुनी बेगडी वस्त्रे टाकली आणि भगवी घातली, असे काही झाले नाही. दोन्ही गाठोडी शेवटपर्यंत खांद्यावर होती.

गदिमांच्या 'गीतगोपाला'लाही त्यांनी चाली दिल्या. 'गीतरामायणा'ची कीर्ती त्याला लाभली नाही, हे खरेच. तुलनेचे ओझे पहिल्या दिवसापासून त्याच्या डोक्यावर होते. शिवाय बाबूजींच्या चालींत जी करुणा सहज उतरे, ती येथे नाही. येथे बाळकृष्णाचा खट्याळपणा आहे, आणि त्यासाठी चितळकरांइतका योग्य माणूस आम्हांस तरी दिसत नाही.

१९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ५ जानेवारी १९८२ रोजी ते गेले. मंडळींनी 'गीतगोपाल' मिळवून एकदा सबंध ऐकावे, आणि मग आमच्याशी खुशाल भांडायला यावे.