चुनी ढोरांना, डीओसी कोंबड्यांना
(आहार आणि प्रथिने या विषयावरील परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण, यवतमाळ)



 जिल्ह्याची ओळख करून देणं हे स्वागताध्यक्षाचं काम असतं. पण वसंतराव नाईकांचं गहुली, कळंबचा चिंतामणी, टिपेश्वरचं जंगल, हे सगळं तुमच्या पिशवीतल्या पुस्तिकेत छापलं आहे. ते जेवणानंतर वाचा. मी जिल्ह्याची ओळख माझ्या धंद्यातून करून देतो.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. डाळमिल चालवतो. स्वागताध्यक्ष निवडताना संयोजक आधी विद्वत्ता बघत नाहीत, खिसा बघतात, हे मला ठाऊक आहे. पण यावेळी त्यांची निवड विषयाला धरून झाली असं मला वाटतं, कारण प्रथिनांची पोती रोज माझ्यासमोरून जातात. ती कुठे जातात ते मी पाहतो.

आमच्या जिल्ह्यात खरिपात कापूस आणि सोयाबीन, कपाशीच्या आणि सोयाबीनच्या ओळींत तूर, आणि पाणी असेल तिथे रब्बीत हरभरा. आता यांतली प्रथिनं मोजा. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम. हरभराडाळीचंही जवळपास तेवढंच. सोयाबीनमध्ये 36 ते 40 ग्रॅम, म्हणजे माणसाला शेतातून मिळू शकणाऱ्या धान्यात सगळ्यांत वरचा नंबर. सरकीतसुद्धा पाचव्या हिश्श्याच्या आसपास प्रथिनं आहेत. पऱ्हाटीला आपण पांढऱ्या सोन्याचं झाड म्हणतो, पण ते प्रथिनांचंही झाड आहे. म्हणजे प्रथिनांचा दुष्काळ पडावा असा हा जिल्हा नाही.

मग हा माल जातो कुठे? सोयाबीन तेल गिरणीत जातं. त्यातून 18 ते 20 टक्के तेल निघतं आणि उरतं ती डीओसी, म्हणजे तेल काढून घेतलेली पेंड. प्रथिनं सगळी तिच्यात. ती कोंबडीखाद्यात जाते, परदेशी जाते. सरकीची ढेप गाईम्हशींना. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं; रवंथ करणारी जनावरं ते बऱ्यापैकी पचवतात, माणसाला ते चालत नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये कीर्ती राठोड या शास्त्रज्ञांनी बियांत गॉसिपॉल अगदी कमी असलेली कपाशी तयार केली आणि 2019 मध्ये तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने ती सरकी माणसांनी खायला हरकत नाही असं सांगितलं. आमच्या बांधावर ती यायला किती वर्षं लागतील कोण जाणे. तोवर ढेप म्हशीची.

राहिली तूर. तिचं मी अधिकाराने सांगू शकतो. तूर चाळणीवरून एमरीच्या रोलरवर येते, तिथे टरफलाला ओरखडे पडतात, मग तिला तेल पाजतात, वाळवतात, पुन्हा रोलर, पुन्हा चाळणी. दाण्यावर टरफल असतं बारा-पंधरा टक्के. म्हणजे क्विंटलमागे 85 किलो डाळ निघायला हवी. निघते 70 ते 75. मधले दहा-पंधरा किलो जातात चुनीत आणि भुकटीत. आणि गंमत अशी, की दाण्याचा अंकुर आणि दाण्याचा बाहेरचा थर यांतच प्रथिनं जास्त असतात, आणि तोच भाग रोलरवर घासला जातो. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅटमध्ये हे नीट मोजलेलं आहे. गिऱ्हाइकाला हवी फटका डाळ, पिवळीधमक, कडा गोल, चकाकणारी. दुकानदार ती हातात घेऊन उजेडात धरतो आणि भाव ठरवतो. चुनी पोत्यात भरून ढोरांच्या मालकाकडे जाते. ढोरं आमची तब्येतीने चांगली असतात!

माझ्या मिलमध्ये चाळणीवर एक मावशी आहेत. दिवसभर डाळ त्यांच्या हाताखालून वाहते. दुपारी त्यांचा डबा उघडतो तेव्हा त्यात रेशनच्या गव्हाच्या तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, मिरचीचा ठेचा. कधी वरण असलं तर झाकणात ओतून पितात, इतकं पातळ. मिलमधून डाळ कमी भावात मिळते, ती त्या नेतातही. पण ती आधी शाळेत जाणाऱ्या नातवाला, मग कामावर जाणाऱ्या मुलाला, आणि पातेल्याच्या तळाशी राहील ते बायांना. हा क्रम मी लावलेला नाही, शास्त्रज्ञांनीही लावलेला नाही. घराघरांत तो आपोआप लागतो. प्रथिनांवर दोन दिवस बोलताना पातेल्याच्या तळाचाही विचार व्हावा, इतकंच म्हणतो.

आता थोडा हिशेब. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये प्रौढ माणसासाठी दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगितली. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. ज्वारीत शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे तीन भाकरींतून वीस ग्रॅम येतात. लोकांना वाटतं धान्यात प्रथिनं नसतात. खरं तर खेड्यातल्या माणसाची जवळजवळ निम्मी प्रथिनं धान्यातूनच येतात. फक्त त्यांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असतं. डाळीत लायसीन भरपूर, पण मिथिओनीन कमी. भाकर आणि वरण एकत्र आले की दोघांची उणीव भरून निघते. आपल्याकडची वरणफळं, गोळाभात, झुणका-भाकर, पाटोडीचा रस्सा, हिवाळ्यातले तुरीचे सोले घातलेलं वांग्याचं भरीत, ही जोडणी आमच्या आज्यांनी अमिनो आम्लांचं नावही न ऐकता करून ठेवली होती.

भाकर एकटी पडली की काय होतं तेही याच दख्खनच्या पठारावर दिसलं आहे. पैनगंगेच्या पलीकडे, तेलंगणात, ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा कातडीचा आणि मेंदूचा आजार आढळत असे. हैदराबादला गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये मांडलं की ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाच्या अतिरेकाने शरीराचा नायसिन या जीवनसत्त्वाचा हिशेब बिघडतो. त्यावर पुढे बरीच वर्षं वाद झाले. ज्वारीला दोष द्यायचं मात्र कारण नाही. तिच्याबरोबर दुसरं काही नसणं, हा त्या ताटाचा दोष होता.

आपल्या शरीरात चरबीसाठी कोठार आहे, प्रथिनांसाठी नाही. रोज अडीचशे-तीनशे ग्रॅम प्रथिनं शरीर मोडतं आणि पुन्हा बांधतं. त्यातला काही भाग मूत्रातून युरियाच्या रूपाने जातो, तो बाहेरून भरावा लागतो. भरला नाही, किंवा ताप आला, ऑपरेशन झालं, तर शरीर स्नायूंतून काढतं. म्हणून क्षयाचा रुग्ण आधी दंडात आणि मांड्यांत वाळतो. आणखी एक बाब: पोटात पुरेसं अन्नच नसेल, तर खाल्लेली डाळही शरीर सरपणासारखी जाळून टाकतं.

ही शेवटची गोष्ट जगाला ठणकावून सांगणारा माणूस आपला होता. साताऱ्याच्या बुध गावात 1911 मध्ये जन्मलेले पां. वा. सुखात्मे रोमला जागतिक अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख होते. 1960 च्या दशकात संयुक्त राष्ट्रसंघात प्रथिनसंकटाचा धोशा लागला होता. मासळीची भुकटी, तेलावर वाढवलेलं यीस्ट, काय काय योजना निघाल्या. सुखात्म्यांनी आकडे मांडून सांगितलं, की गरिबाची तूट मुख्यतः एकूण अन्नाची आहे. त्याला त्याचंच जेवण पोटभर द्या, प्रथिनांचा बराचसा प्रश्न सुटेल. 1974 मध्ये डोनाल्ड मॅकलॅरेन यांनी लॅन्सेटमध्ये त्या सगळ्या गोंधळाला फजिती म्हटलं. सुखात्म्यांच्या पुढच्या मतांवर वि. म. दांडेकरांनी पुण्यातूनच कडक टीका केली, तोही वाद वाचण्यासारखा आहे.

माझं मत असं, की सुखात्मे त्यांच्या काळासाठी बरोबर होते, आणि आजच्या यवतमाळला त्यांचं उत्तर अपुरं पडतं. कारण पोट आता बऱ्याच अंशी भरतं. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, 2023 पासून फुकट. गहू आणि तांदूळ. ही मोठी गोष्ट आहे, तिला नावं ठेवणारा माणूस कधी उपाशी झोपलेला नसतो. पण सुखात्मे म्हणत होते ते ‘त्याचंच जेवण’ आता उरलेलं नाही. कपाशीत पूर्वी ज्वारीचं तास असे, मुगाचं, उडदाचं, बरबटीचं तास असे, आणि ते घरी खायला असे. सोयाबीन आलं, तणनाशक आलं, ती तासं गेली. ज्वारी पेरली तर रानडुकरं आणि रोही राहू देत नाहीत. ताटात पिष्ट वाढलं आणि डाळ विकत घेण्याची वस्तू झाली. ज्याच्या शेतात दहा क्विंटल तूर होते तो फेब्रुवारीत देणी भागवायला सगळी विकतो आणि जूनमध्ये किराण्यातून पाव-पाव किलो आणतो.

याचा परिणाम फक्त वाळलेल्या दंडांवर दिसत नाही. पुण्याला केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की आपलं बाळ जन्मतःच वजनाने हलकं आणि चरबीने जड असतं. स्नायू कमी, चरबी जास्त. अशा शरीराला मधुमेह लवकर गाठतो. 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी जो अभ्यास सुरू केला, त्यात गरोदर बायकांनी खाल्लेल्या एकूण प्रथिनांपेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध यांचा बाळाच्या वाढीशी जास्त संबंध दिसला. डाळमिलवाल्याने हे सांगणं धंद्याला बरं नाही, पण सांगतो: नुसती डाळ वाढवूनही भागत नाही.

आणि शिधा सुधारला की काय होतं, ते दाखवणारा झारखंडचा अभ्यास. चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांना दर महिन्याला तांदूळ, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, दूधपावडर आणि तेल दिलं. रोजच्या 1200 कॅलरी आणि 52 ग्रॅम प्रथिनं. घरच्यांनाही थोडा शिधा दिला. 2023 मध्ये निष्कर्ष छापून आले: घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झालं. तिथे औषध नवं नव्हतं. नवा होता तो शिधा.

बाजारात आता प्रथिनांचे डबे आले आहेत. आमच्या आर्णी-दारव्ह्याच्या व्यायामशाळांतली पोरंही ते घेतात. घ्यायला माझी ना नाही. पण त्या डब्यामागच्या जाहिरातीत एक खरी गोष्ट असते: प्रथिनं पचवायलाच त्यांच्यातले वीस ते तीस टक्के उष्मांक खर्ची पडतात, पिष्टाचे पाच-दहा टक्के, आणि पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. हीच गोष्ट वाटीभर भिजवलेल्या हरभऱ्यालाही लागू आहे, आणि हरभऱ्याला जाहिरात करायला कोणी नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल त्याने मात्र हरभरा असो की डबा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

सोयाबीनचं काय, असं तुम्ही विचाराल. शेजारी वर्ध्याला मगनवाडीत गांधीजींनी 1935 मध्ये सोयाबीन खाण्याचे प्रयोग केले आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं. आमच्याकडे सोयाबीन शेतात आलं त्यानंतर कित्येक दशकांनी, आणि स्वयंपाकघरात अजून आलेलं नाही. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारं द्रव्य असतं. उकळल्याशिवाय ते जात नाही, आणि वासही जात नाही. वीसेक मिनिटं उकळून, वाळवून, नऊ किलो गव्हात एक किलो दळलं तर पोळीची चव बिघडत नाही. हे अंगणवाडीताई चांगलं सांगू शकतात. आज दुपारच्या पोळ्या त्याच पिठाच्या आहेत, आणि वरणाची डाळ पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मिनी डाळमिलवर, एका महिला बचत गटाने, पालिश न करता काढलेली आहे. माझ्या मिलमधली नाही.

परगावच्या पाहुण्यांना एवढंच मागणं. उद्या संध्याकाळी ठराव होतील. ठरावांत बहुधा जनजागृती असते. जनजागृती आमच्याकडे पुष्कळ झाली. झरी-जामणीच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बाईलाही डाळ चांगली असते हे माहीत आहे. कोरोनाच्या काळात, 2020 मध्ये, रेशनवर कुटुंबामागे महिन्याला किलोभर डाळ-हरभरा मिळाला होता. 2022 च्या दिवाळीला शंभर रुपयांच्या आनंदाच्या शिध्यात किलोभर हरभराडाळ होती. म्हणजे गोदाम आहे, गाडी आहे, दुकान आहे, हिशेबाचं यंत्र आहे. आदिवासी भागांतल्या गरोदर मातांना 2015 पासून अमृत आहार योजनेत एक वेळचं ताजं जेवण मिळतं, तेही याच जिल्ह्यात शिजतं. तेव्हा तुमचा पहिला ठराव असा असू द्या: रेशनवर बारा महिने डाळ, आणि ती डाळ याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची, याच जिल्ह्यात, टरफलाखालचा थर शाबूत ठेवून काढलेली. भाव किती द्यावा ते सरकार आणि आम्ही मिलवाले बसून ठरवू. तुम्ही फक्त माणशी किती ग्रॅम लागते तो आकडा आम्हाला लिहून द्या.