अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांचे अपील



रहस्यकथा लिहिणारा तो साहित्यिक नव्हे, हा निकाल आपल्या समीक्षेने केव्हाच देऊन टाकला. दुसरी बाजू ऐकून घेण्याचीही तिला गरज वाटली नाही. आजचे अध्यक्षीय भाषण म्हणजे त्या निकालाविरुद्धचे अपील आहे आणि अपीलकर्ते आहेत अमेरिकन वकील आणि रहस्यकथाकार अर्ल स्टॅन्ली गार्डनर.

गार्डनर यांचा जन्म १८८९चा, मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डनचा. कायद्याच्या वर्गात ते जेमतेम महिनाभर टिकले. मग वकिलाच्या कचेरीत टायपिंग करत स्वतःच अभ्यास केला आणि १९११ साली कॅलिफोर्नियात सनद मिळवली. ऑक्सनार्डमध्ये त्यांनी चिनी अशिलांची वकीलपत्रे घेतली. चिनी माणसाचा उघड द्वेष करणारा तो काळ होता. लॉटरीच्या प्रकरणात पोलीस चिनी दुकानदारांना पकडणार, अशी कुणकुण लागताच गार्डनर यांनी या दुकानातला माणूस त्या दुकानात बसवला. पोलिसांनी चेहरे पाहिलेच नाहीत, दुकानावरून माणसे उचलली. ओळखच चुकल्यामुळे खटले उभे राहू शकले नाहीत. त्यांच्या कादंबऱ्यांचा नायक, वकील पेरी मेसन, अजून जन्मायचा होता, पण त्याची वकिली सुरू झाली होती.

दिवसा कोर्ट आणि रात्री लेखन, असे त्यांचे कित्येक वर्षे चालले. १९३३ साली ‘द केस ऑफ द व्हेल्व्हेट क्लॉज’ आली आणि पेरी मेसन वाचकांसमोर उभा राहिला. पुढे त्याच्या ऐंशीहून अधिक कादंबऱ्या झाल्या.

‘एकाच साच्यातल्या,’ असे समीक्षक म्हणतात. साचा आहे, मान्य. पण त्या साच्यात काय ओतले आहे ते पाहा. मेसनचे बरेचसे सामने प्राथमिक सुनावणीत रंगतात. खटला चालवण्याइतका पुरावा तरी आहे का, याचाच तिथे कस लागतो. अटक म्हणजे गुन्हा शाबीत नव्हे, ही गोष्ट लाखो वाचकांच्या मनात या कादंबऱ्यांनी रुजवली. कायद्याच्या कोणत्या पाठ्यपुस्तकाला एवढा वाचक लाभला?

आता विल्यम लिंडलीचे प्रकरण घ्या. एका मुलीच्या खुनाबद्दल त्याला फाशी ठोठावलेली होती. खटल्याचे कागद गार्डनर यांच्या हाती आले. कोण, किती वाजता, कुठे होता, याचा त्यांनी जबान्यांवरून तक्ता मांडला. साक्षीदाराने संशयिताला पाहिले त्या वेळी लिंडली दुसरीकडेच होता, असे त्यातून दिसू लागले. गार्डनर यांनी न्यायमूर्तींना पत्रे लिहिली. फाशी टळली, जन्मठेप झाली.

त्यातूनच १९४८ साली हॅरी स्टीगर यांच्या ‘आर्गोसी’ मासिकात ‘कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट’ उभे राहिले. न्यायवैद्यकातले डॉक्टर, खासगी गुप्तहेर, खोटे पकडणाऱ्या यंत्राचे जाणकार अशी मंडळी जुने खटले उकरून तपासू लागली. निष्कर्ष मासिकात छापून येत आणि वाचकांचा रेटा सरकारपर्यंत पोहोचे. मोहावी वाळवंटातला पशुपालक बिल कीज तुरुंगवास भोगून सुटला होता. गार्डनर यांच्या प्रयत्नांमुळे १९५६ साली त्याला माफी मिळाली आणि कपाळीचा डाग पुसला गेला.

जो लेखक आपली लोकप्रियता तुरुंगातल्या माणसासाठी पणाला लावतो, त्याला ‘करमणूक करणारा’ म्हणून बाजूला सारण्याचा अधिकार समीक्षेला कुणी दिला?

मराठीत आपणही हेच केले. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास घराघरात नेला. वाचनालयातल्या त्यांच्या प्रती हाताळून हाताळून फाटल्या, तरी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांची बोळवण चार ओळींत होते.

म्हणून या व्यासपीठावरून मागणी आहे. पुढच्या संमेलनात रहस्यकथेवरचा परिसंवाद मुख्य मंडपात घ्या आणि त्यात तालुका कोर्टातल्या वकिलांना बोलवा. पंच कसे मिळवले जातात, साक्षीदार का फितूर होतो, जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून माणूस आत कसा खितपत पडतो, हे त्यांना रोज दिसते. त्यांनी ते मराठीत लिहावे, प्रकाशकांनी छापावे आणि समीक्षकांनी आधी वाचावे, मगच निकाल द्यावा.