ब्यूनोस आयरिस येथील उन्हाळी शर्यत

१६ जानेवारी १९५५ हा दिवस आपल्या इकडे कसा गेला असेल याची कल्पना करणें अवघड नाहीं. संक्रांत होऊन दोनच दिवस झालेले, तिळगुळाचे डबे अजून रिकामे व्हावयाचे आणि सकाळचें कोंवळें ऊन अंगावर घ्यावेंसें वाटणारे ते दिवस. पण पृथ्वीचा दक्षिण गोलार्ध आपल्या उलट चालतो. आपला पौष-माघ म्हणजे त्यांचा वैशाख. त्याच दिवशीं अर्जेंटिनाच्या राजधानींत, ब्यूनोस आयरिस येथें, सावलींतला पारा ३५ अंशांच्या पुढें गेला होता आणि मोटारींच्या शर्यतीसाठीं बांधलेल्या रस्त्याचा पृष्ठभाग ५० अंशांहून अधिक तापला होता. त्या रस्त्यावर जगज्जेतेपदाच्या त्या सालच्या स्पर्धांपैकीं पहिली स्पर्धा व्हावयाची होती. फेऱ्या ९६, एकूण अंतर सुमारें ३७५ किलोमीटर, आणि वेळ जवळजवळ तीन तास.

ही शर्यत मला सांगाविशी वाटते ती वेगासाठीं नव्हे. त्या दिवशीं जिंकला तो सर्वांत वेगवान होता म्हणून जिंकला, असें म्हणणें अर्धेंच खरें होईल. तो आपल्या जागेवर बसून राहिला, हें त्याच्या विजयाचें खरें कारण.

प्रथम उन्हाविषयीं थोडें बोललें पाहिजे. माणसाचें शरीर आंतून ३७ अंशांच्या आसपास राहावें लागतें. बाहेरची हवा त्वचेहून थंड असेल तर उष्णता आपोआप बाहेर जाते. पण हवाच त्वचेहून गरम झाली कीं, घाम येणें आणि तो वाळणें एवढा एकच मार्ग उरतो. आपला माठ याच न्यायानें पाणी गार करतो, आणि नागपूरकडे दारांत वाळ्याची ताटी बांधतात तीहि याच न्यायानें. मात्र माठाला कोरडी हवा लागते. मुंबईच्या दमट दिवसांत माठांतलें पाणी हवें तसें गार होत नाहीं, आणि माणसाचा घामहि अंगावरून नुसता ओघळत राहतो. ब्यूनोस आयरिस हें शहर ला प्लाता नदीच्या रुंद मुखावर वसलेलें. तेथील उन्हाळा नागपुरापेक्षां मुंबईच्या जातीचा. त्यांत त्या काळच्या शर्यतीच्या गाडींत इंजिन चालकाच्या पुढें असे. त्यावरून येणारा वारा हा वारा नव्हताच. ती भट्टीची फुंकर होती.

या गाड्यांत बसणाऱ्यांमध्यें हुआन मान्वेल फान्जिओ हा त्याच देशांतला, बाल्कार्से नांवाच्या गांवचा. वय ४३ वर्षें. पाय किंचित् बांकडे, त्यावरूनच लोकांनीं त्याला लाडकें नांव दिलेलें. जर्मनीच्या मर्सिडीझ कंपनीची गाडी तो चालवीत होता. आदल्याच वर्षीं तो दुसऱ्यांदा जगज्जेता झाला होता. शर्यतीचें मैदान राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांच्या राजवटींत बांधलेलें, आणि त्यांच्या राजकीय भाग्योदयाच्या तारखेवरून त्याला '१७ ऑक्टोबर' असें नांव दिलेलें. राज्यकर्त्यांना अशा नांवांची हौस सर्वत्रच असते. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पेरॉन यांची सत्ता गेली आणि मागोमाग तें नांवहि गेलें.

शर्यत सुरू झाली. पहिल्या दोन फेऱ्यांतच कांहीं गाड्या एकमेकींवर आदळून बाद झाल्या. इटलीचा अस्कारी आघाडीवर होता. २१ व्या फेरींत त्याची लान्सिया रस्ता सोडून गेली. इतकें सारें इतर शर्यतींसारखेंच. पण पुढें जें घडूं लागलें तें निराळें होतें. गाड्या धडधाकट, आणि माणसें मात्र मोडूं लागलीं. एकामागून एक चालक पिटमध्यें, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यावर, येत, गाडींतून ओढून काढल्यासारखे उतरत, आणि दुसरा कोणी त्यांच्या जागीं बसे. नियमानें तशी मुभा होती. बसलेला दुसराहि थोड्या वेळानें परत येई, आणि मग तिसऱ्याचा शोध सुरू होई. सावलींत पाण्याच्या बादल्या डोक्यावर ओतून घेत पडलेल्या माणसाला उठवून, ज्या गाडीशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता तींत बसविण्यांत येई.

दुसरा क्रमांक मिळविणारी फेरारी गाडी अशा रीतीनें तिघांनीं मिळून चालविली: गोन्झालेझ, फारिना आणि त्रँतिन्याँ. तिसरा क्रमांक मिळविणारी फेरारीहि तिघांनींच चालविली, आणि त्या तिघांतहि फारिना व त्रँतिन्याँ हे दोघे पुन्हां होतेच! फारिना म्हणजे १९५० चा पहिला जगज्जेता; या वेळीं ४८ वर्षांचा आणि आदल्याच वर्षीं अपघातांत भाजून निघालेला. गुणांची वांटणी करतांना हिशेबनिसांना अपूर्णांकांचा आश्रय घ्यावा लागला. दुसऱ्या क्रमांकाचे सहा गुण तिघांत दोन-दोन वांटले. तिसऱ्याचे चार गुण तिघांत वांटून प्रत्येकीं एक पूर्णांक एक तृतीयांश. शाळेंतल्या व्यवहारी अपूर्णांकांचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या मुलांना हें उदाहरण अवश्य सांगावें.

स्टर्लिंग मॉस या पंचवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाची गंमत याहून वेगळी. त्याच्या मर्सिडीझचें पेट्रोल नळ्यांतल्या नळ्यांत तापून वाफ झालें. इंजिनाला द्रवाऐवजीं वाफ मिळूं लागली आणि तें बंद पडलें. म्हणजे उन्हानें येथें माणसाला सोडून गाडीला गांठलें. मॉस उतरला आणि बाजूला गवतावर आडवा झाला. सेवातत्पर शुश्रूषापथकानें पाहिलें तों एक चालक निपचित पडलेला. ऊन लागलें असें समजून त्यांनीं त्याला उचललें आणि रुग्णवाहिकेंत घातलें. आपण ठीक आहों हें त्यानें इंग्रजींत सांगितलें, त्यांनीं तें स्पॅनिशमध्यें ऐकलें. तेव्हां समजूत पटावयास वेळ लागला. शेवटीं सुटका करून घेऊन तो परत आला आणि हेर्मान व क्लिंग या सहकाऱ्यांच्या पाळींत तिसरा झाला. त्या गाडीला चौथा क्रमांक मिळाला.

या सर्व अदलाबदलींत फान्जिओ एकटाच चालवीत राहिला. मध्यें तो पिटमध्यें आला, तेव्हां हाहि आतां उतरणार असें पाहणाऱ्यांना वाटलें असल्यास नवल नाहीं. पण पाणी पिऊन, अंगावर ओतून घेऊन तो पुन्हां गेला. त्याच्या गाडीची रचना अशी कीं चालकाचे पाय मधल्या यंत्राच्या दोन्ही अंगांना फांकलेले असत. धुराच्या नळीनें सांगाड्याची एक दांडी तापली होती आणि ती त्याच्या पायाला भिडत होती. पाय हलवावा तर पायाखालचा खटका सुटतो. न हलवावा तर कातडी भाजते. त्यानें पाय हलविला नाहीं. आपण कंबरेएवढ्या बर्फांत उभे आहों अशी कल्पना मीं मनाशीं धरून ठेवली होती, असें तो पुढें सांगत असे. ३ तास ० मिनिटें ३८.६ सेकंदांनीं तो पहिला आला. गोन्झालेझ व मंडळींची गाडी त्याच्या मागें सुमारें दीड मिनिट होती. शेवटपर्यंत एकट्यानें चालविणारा आणखी एकच निघाला, रोबेर्तो मिएरेस, तोहि अर्जेंटिनाचाच. माझेरातीवर तो पांचवा आला. दोघेहि त्याच उन्हांत वाढलेले, हें योगायोगानें घडलें असें मला वाटत नाहीं. उन्हाळ्याची संवय झालेलें शरीर लवकर आणि अधिक पातळ घाम सोडतें, हें शरीरशास्त्र आज सांगतें. आपला शेतकरी तें न शिकतांच जाणतो.

येथें माझें एक मत सांगतों. फान्जिओचें कौतुक करतांना, जे उतरले त्यांना आपण नकळत कमी लेखतों. तें बरोबर नाहीं. उष्माघातांत आधीं बुद्धि ढळते, मग शरीर. आणि बुद्धि ढळलेल्या माणसाच्या हातीं भरधांव गाडी म्हणजे काय, हें सांगावयास नको. ज्यानें वेळींच उतरून दुसऱ्याला जागा दिली त्यानें आपल्याबरोबर इतरांचेहि प्राण राखले. दोष द्यावयाचाच तर तो भर उन्हाळ्यांत तीन तासांची शर्यत लावणाऱ्यांना द्यावा.

पुढें १९५८ पासून असें वांटून चालविल्याचे गुण देणें बंद झालें. म्हणजे सुटकेचा तो दरवाजाहि मिटला. ऊन मात्र तेंच राहिलें. १९८४ च्या जुलैंत अमेरिकेंत डॅलस येथें रस्ताच उखडूं लागला आणि शर्यत संपतांना नायजेल मॅन्सेल आपली बंद पडलेली गाडी ढकलतां ढकलतां बेशुद्ध पडला. २०२३ मध्यें कतारला रात्रीच्या शर्यतींतहि चालकांना ओकाऱ्या झाल्या. त्यानंतर कोठें २०२५ पासून अति उष्म्याच्या दिवशीं गाडींत चालकाला गार ठेवण्याचें साधन असलें पाहिजे, असा नियम आला.

फान्जिओचा पाय चांगलाच भाजला होता. बरोबर १४ दिवसांनीं, ३० जानेवारीस, त्याच मैदानावर दुसरी शर्यत होती. ती दोन टप्प्यांत झाली. पहिला टप्पा फारिनानें जिंकला, दुसरा मॉसनें. दोन्ही मिळून फान्जिओ पहिला आला.