कोयतीला घर, सुरीला घर



चष्म्याला घर असते. तलवारीला म्यान असते. मग आपल्या स्वयंपाकातली सुरी आणि शेतावरची कोयती यांनीच काय पाप केले? दिवसभर त्या आपल्यासाठी राबतात आणि रात्री उघड्या पडून राहतात. कुणी फळीवर, कुणी पिशवीत, कुणी दाराच्या मागे.

कोयतीचे एक बरे असते म्हणा. तिला कमरेची आकडी आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी लाकडाची आकडी कमरेला मागे बांधली, तिच्यात कोयती अडकवली आणि दोन्ही हात मोकळे ठेवून डोंगर चढले. युक्ती मोठी चांगली. पण आकडी कोयती धरून ठेवते, तिची धार झाकत नाही. माणूस पायी चालत होता, एकटा चालत होता, तोवर हे चालले. आता गडी मोटरसायकलवर मागे बसतो. कोयती पाठीशी लोंबते. गाडी खड्ड्यात आपटली, कातळावर घसरली, तर ती धार कुठे जाईल? मागून येणाऱ्या पोराचा गुडघा त्याच उंचीवर असतो.

आणि पिशवीतली सुरी तर त्याहून वाईट. कालवे काढायला खडकावर जाणाऱ्या बाया टोकदार हत्यार पिशवीत टाकतात. वर भाकरी, पाण्याची बाटली. दुपारी भाकरीसाठी पिशवीत हात गेला, की पाते बोटाला भेटते. आमच्या माहितीतल्या एका बाईंचे असेच झाले. जखम लहान दिसली. हळद भरली, चिंधी बांधली. पंधरा दिवसांनी जखम भरली, पण बोट वळेना. बोट वळवणारी आतली दोरी तुटली होती. ती दोरी डॉक्टर शिवू शकतात, पण पहिल्या काही दिवसांतच. म्हणून सांगतो, कापल्यावर बोट वळत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोवर स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबा, हात वर धरा. धनुर्वाताच्या सुईचेही विचारा.

तर सुरीला घर हवे. ते कशाचे करायचे?

चामडे महाग. शिवाय आपल्या खाऱ्या दमट हवेत चामडे ओल धरते आणि आतल्या आत पाते गंजवते. लाकडाचे घर सुरेख होते, पण त्याला सुताराचा हात लागतो. आता आपल्या आरे-वारेकडे पाहा. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा माणूस वरच्या वळणावर थांबतो, खालचे दोन किनारे पाहतो आणि खूश होतो. त्याला वरून वाळू दिसते. आपल्याला खालून दिसते ते वेगळे. समुद्र काही पोटात ठेवत नाही. पावसाळ्यात तो बाटल्या, पाइपाचे तुकडे, जाळ्यांच्या दोऱ्या, फुटके डबे, एकेकटी चप्पल, सगळे परत आणून टाकतो. ह्यातून आणि आपल्या घरच्या भंगारातून सुरीचे घर होते. त्याने किनारा साफ होईल असे आम्ही म्हणत नाही. ढिगातून मूठभर उचलल्यासारखे ते आहे. पण बोट वाचेल, हे खरे.

मात्र प्लास्टिक सगळे एक नव्हे. इथे तुमचे नवे वाचन कामाला येते.

डब्याच्या किंवा बाटलीच्या बुडाशी पाहा. बाणांचा एक त्रिकोण कोरलेला असतो आणि त्याच्या आत आकडा. ही पद्धत १९८८ साली अमेरिकेत सुरू झाली. आकडा इंग्रजी असतो, पण घाबरू नका. इंग्रजी दोन आणि तीन आपल्या दोन-तीनसारखेच दिसतात. त्रिकोणात १ असेल तर ती पाण्याची बाटली. पातळ असते, सुरी तिला भोसकून बाहेर येईल. २ म्हणजे गोड्या तेलाचा जाड कॅन. हा आपल्या कामाचा. ३ म्हणजे पाइपाचे प्लास्टिक, ज्याला पीव्हीसी म्हणतात. हेही कामाचे, पण जपून.

आकडा पुसला असेल तर? एक तुकडा गोड्या पाण्यात बुडवून सोडा. कॅनचे प्लास्टिक वर तरंगते. पाइपाचे तळाला जाते. मग तुकडा वाकवून पाहा. उन्हात फार दिवस पडलेले प्लास्टिक कडकन मोडते. ते नको.

आणि एक गोष्ट अगदी मनावर घ्या. आंब्यावर फवारायच्या औषधाचा डबा कधी घेऊ नका. त्यावर टोकावर उभी केलेली चौकट असते आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग असतो. तांबडा म्हणजे सर्वांत जहाल विष. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा दिसला म्हणून तो डबा धुऊन वापरू, असे म्हणायचे नाही. किनाऱ्यावर सापडलेल्या ज्या डब्यात काय होते ते कळत नाही, तोही नको. निळ्या पिंपाचा तुकडा कितीही जाड आणि मजबूत असो, पिंपात काय होते ते पिंप सांगत नाही. म्हणून किनाऱ्यावरून पाइप, नळी आणि जाळ्याची दोरी घ्यावी. कॅन मात्र आपल्या घरचा किंवा ओळखीच्या दुकानातला घ्यावा. सगळे गोड्या पाण्याने दोनदा धुवावे. मीठ राहिले तर पाते गंजेल.

स्वयंपाकाच्या सुरीला कॅनचेच घर करा. जुन्या पाइपांत शिसे मिसळलेले असू शकते. शिसे पोटात जाणे वाईट. भारत सरकारने २०२१ साली त्याबद्दल नियम केले, पण किनाऱ्यावर आलेला पाइप त्याआधीचाही असेल.

आता कॅनचे घर कसे करायचे ते ऐका. सुरी वर्तमानपत्रावर आडवी ठेवा. पात्याभोवती पेन्सिल फिरवा. धारेच्या बाजूला आणि टोकाला एक एक बोट जागा सोडा. पात्याची पाठ जिथे येते, तिथे कागद दुमडून दोन्ही बाजू एकदम कापा. हा झाला नमुना. शिंपी कापतो तसाच.

कॅनचे प्लास्टिक सपाट जागी दुमडले तर पुन्हा उघडते. हट्टीच असते ते. पण कॅनचा उभा कोपरा कारखान्यातूनच दुमडून आलेला असतो! नमुन्याची घडी त्या कोपऱ्यावर ठेवा आणि पत्रा कापायच्या कात्रीने कापा. सुरीची पाठ त्या कोपऱ्यात बसेल.

धारेच्या बाजूला नुसती शिवण घातलीत तर काय होईल? सुरी आत-बाहेर होताना दोराच कापेल आणि आठ दिवसांत घर उघडेल. म्हणून त्याच प्लास्टिकची बोटभर रुंद पट्टी कापा आणि दोन बाजूंच्या मध्ये धारेकडून घाला. आता धार पट्टीला लागेल, दोराला लागणार नाही. सगळ्या कामाची किल्ली ही पट्टी आहे. पुष्कळ लोक तीच विसरतात. मग अर्ध्या अर्ध्या इंचावर आरीने तिन्ही थरांतून भोके पाडा. जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने शिवा. नायलॉनची गाठ सुटते, तेव्हा गाठ जाळे विणणाऱ्या माणसाकडून मारून घ्या. आमची गाठ दोनदा सुटली, त्यांची अजून आहे. टोकाशी एक बारीक भोक ठेवा, म्हणजे आतले पाणी गळून जाईल.

शेतावरच्या सरळ सुरीला पाइपाचे घर चालते. एक इंची पाइप चेपला की जवळजवळ दोन इंच रुंद होतो. पात्याहून बोटभर लांब तुकडा करवतीने कापा. कापताना नाकातोंडावर फडके बांधा. पाइप जाळावर धरू नका. पुष्कळजण धरतात म्हणून सांगतो. पीव्हीसी जळले की घसा आणि डोळे जाळणारा विषारी धूर निघतो. त्यापेक्षा स्वयंपाकात परत न येणाऱ्या जुन्या डब्यात, उघड्यावर, पाणी उकळा. चिमट्याने पाइप त्यात धरा. काही मिनिटांत तो मऊ पडतो. पात्याहून किंचित जाड अशी लाकडी पट्टी आत घाला. दोन फळ्यांमध्ये पाइप ठेवा, वर दगड ठेवा आणि थंड पाणी ओता. गार झाला की आकार कायमचा. टोकाकडची बाजू जास्त चेपा, पण पाणी जायला फट राहू द्या. लाकडाऐवजी सुरीच आत घालून चेपू नका. घर इतके आवळते की सुरी ओढताना हात सटकतो.

राहिली कोयती. ती वाकडी, तिला खिशासारखे घर बसत नाही. पाणी शिंपायची जुनी नळी घ्या. धारेइतका लांब तुकडा कापा, त्याला एका बाजूने उभी चीर द्या आणि तो धारेवर चढवा. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तीन ठिकाणी बांधा. वाकड्या टोकावर कॅनचा तुकडा दुमडून बांधा. कामाच्या जागी पोहोचलात की सोडा, निघताना परत चढवा. एवढे केले तर आकडीही राहते आणि मागच्याचा गुडघाही.

घर तयार झाले की सुरी आत घालून उलटी धरा. खाली पडली नाही तर जमले. पडली तर मुठीवरून ट्यूबची एक पट्टी घ्या. सुरी काढताना घर दोन सपाट बाजूंनी धरा. शिवणीवर बोटे गुंडाळू नका, कारण धार त्या बाजूला असते. सुरी ओली असताना आत घालू नका. महिन्यातून एकदा घर धुऊन वाळवा. कापताना पडलेला चुरा वाळूत सोडू नका. तो गोळा करून सुक्या कचऱ्यात द्या, चुलीत घालू नका.

येत्या वर्गाला प्रत्येकाने घरची एक सुरी, एक जुने वर्तमानपत्र आणि पेन्सिल आणावी. नमुने आपण इथेच काढू. सुरी मात्र जाड फडक्यात गुंडाळून, दोरीने बांधून आणा. आणि मुलांच्या हातात देऊन पाठवू नका.