टर्कीच्या दिवसांत मुलाला खोलीत कोंडू नका
(टेमघर, भिवंडी येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



मित्रांनो, नशा वाईट आहे हे तुम्ही जुम्म्याच्या बयानात ऐकता, घरीही ऐकता. मी आज एवढंच सांगणार आहे, की गर्द किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप घेणाऱ्याने ते बंद केलं, की त्याच्या शरीराचं आणि मनाचं काय होतं.

नशेकरांच्या बोलीत याला ‘टर्की’ म्हणतात. गर्दची शेवटची पुडी घेतल्यावर साधारण 8 ते 12 तासांत ती सुरू होते. आधी जांभया, मग डोळ्या-नाकातून पाणी. घरच्यांना वाटतं, सर्दी झाली. नंतर अंगावर काटा, एकाच वेळी थंडी आणि घाम. हाडं ठेचल्यासारखी दुखतात, पोटात मुरडा येतो, उलट्या-जुलाब होतात. पाय स्वस्थ राहत नाहीत, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास कळसाला जातो आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतो.

याचं कारण मेंदूत आहे. आपल्याला सावध ठेवणारी मेंदूतली यंत्रणा अफूजन्य पदार्थ दाबून ठेवतात. तो दाब सोसून काम चालावं म्हणून मेंदू ती यंत्रणा अधिक जोरात चालवायला शिकतो. नशा थांबली की दाब निघतो, जोर मात्र तसाच राहतो.

मनातही तेच होतं. भीती, चिडचिड, उदासी, आणि एकच विचार: एक पुडी घेतली की सगळं थांबेल. ते खरंच थांबतं, हीच अडचण आहे. म्हणून कसम खाल्लेला मुलगा तिसऱ्या दिवशी पळतो. त्याचं ईमान कच्चं होतं, असं म्हणू नका. रमजानमध्ये सेहरीनंतर काही घेतलं नाही, तर इफ्तारच्या आतच त्याची टर्की सुरू होते. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, आणि हा आजार आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. मुलाला खोलीत कोंडू नका. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी संपलं तर जीव जाऊ शकतो. आणि टर्की उतरल्यावर धोका वाढतो. शरीराची सवय मोडलेली असते. जुन्याच मापाने पुन्हा घेतलं तर श्वास थांबतो.

उपचार आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन दिलं, तर टर्की आवरते आणि तलफही कमी होते. ‘एक नशा सोडून दुसरी लावली,’ असं लोक म्हणतात. पण मोजून दिलेल्या औषधावर माणूस कामाला जातो, झोपतो, जगतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून व्यसनमुक्तीचं काम महाराष्ट्रात उभं आहे. पोलिसांची भीती वाटत असेल, तर 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातलं कलम 64अ लक्षात ठेवा. स्वतः सेवन केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणाबद्दल आरोप असलेला व्यसनी आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. 14446 या सरकारी हेल्पलाइनवर फोन करता येतो.

तुमच्या गल्लीतल्या ज्या मुलाला सगळे ‘गर्दुल्ला’ म्हणतात, त्याला आधी नावाने हाक मारा. मग डॉक्टरकडे त्याच्यासोबत कोण जाणार आणि ते चार दिवस त्याच्याजवळ आळीपाळीने कोण बसणार, हे आज इथून उठण्याआधी ठरवा.