कुत्र्याचें वावडें आणि घरचें पथ्य

एखादा पदार्थ कोणास बाधला, कीं त्याचें वावडें आहे असें म्हणतात. कुत्र्यासही असें वावडें असतें. माणूस आपलें दुखणें बोलून दाखवितो. कुत्रा तें अंग खाजवून, पंजे चाटून आणि कान झाडून सांगतो. पिसवा, गोचीड किंवा त्वचेचे रोग हींही खाजेचीं कारणें असूं शकतात; म्हणून पशुवैद्याकडून त्यांचा बंदोबस्त आधीं करून घ्यावा. तरीही खाज बारमास राहिली, कान वारंवार चिघळले, पोट बिघडूं लागलें, म्हणजे अन्नाचा विचार करावा.

हें वावडें बहुधा अन्नांतील प्रथिनांचें असतें. शरीर त्या निरुपद्रवी द्रव्यास शत्रू मानून त्याच्याशीं झुंजूं लागतें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यांत अशा २९७ कुत्र्यांची माहिती संकलित केली होती. त्यांत शेंकडा ३४ कुत्र्यांस गोमांसाचें, १७ कुत्र्यांस दुधाच्या पदार्थांचें, १५ कुत्र्यांस कोंबडीचें आणि १३ कुत्र्यांस गव्हाचें वावडें आढळलें. म्हणजे शहरांतील घरांत मोठ्या मायेनें पुढें केली जाणारी दूधपोळीच कधीं कधीं दुखण्याचें मूळ ठरते. वर्षानुवर्षें ती पचली, एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाहीं; वावडें जडतें तें बहुधा नेहमींच्या खाण्याचेंच.

रक्ताच्या वा लाळेच्या चाचणीवर येथें विसंबतां येत नाहीं. खरी परीक्षा पथ्याचीच. कुत्र्यानें पूर्वीं कधींही न खाल्लेलें एक मांस वा मासळी आणि एक पिष्टमय पदार्थ निवडावा. जसें, नित्य दूधपोळी व कोंबडी खाणाऱ्यास कांटे काढलेली उकडलेली मासळी आणि रताळें. प्रथिनांचे सूक्ष्म तुकडे करून, शरीरास तीं ओळखतां येऊं नयेत अशा रीतीनें तयार केलेलीं खास अन्नेंही मिळतात. पथ्य आठ आठवडे पाळावें. तेवढ्या अवधींत असें वावडें असलेल्या शेंकडा ९० हून अधिक कुत्र्यांस उतार पडतो. मग जुनें अन्न पुन्हा द्यावें. पंधरवड्याच्या आंत खाज परतली, कीं निदान पक्कें झालें. पुढें एकेक पदार्थ वेगळा देऊन अपराधी शोधावा.

हें सारें ऐकावयास सोपें. मोडतें तें घरच्याच प्रेमापायीं. नातू चोरून बिस्किट देतो, आजीस पानांतला शेवटला घास त्याच्यासाठीं ठेवल्यावांचून चैन पडत नाहीं, जंतांची गोळीही मांसाच्या चवीची निघते. अशा एका घासानें सहा आठवड्यांची मेहनत फुकट जाते, आणि खाज गेली नाहीं म्हणून बोल मात्र पथ्यास लागतो. यास्तव पथ्य कुत्र्याचें असलें, तरी तें घरांतील लहानथोरांनीं पाळावयाचें असतें.

शिजवितांना मीठमसाला घालूं नये. कांदा व लसूण तर कुत्र्याच्या रक्तास मारकच आहेत. अपराधी पदार्थ कळल्यावर तेंच दोन पदार्थांचें अन्न जन्मभर चालवूं नये. त्यांत कॅल्शियमसारख्या द्रव्यांची उणीव राहते. पशुवैद्याच्या सल्ल्यानें आहार पुरा करून घ्यावा.

मुक्या जनावरास नाहीं म्हणणें जड जातें खरें. परंतु ज्या रात्रीं तें न खाजवितां स्वस्थ झोंपतें, त्या रात्रीं त्या नकाराचें मोल घरास कळतें.